उन्हाळ्याच्या दुपारी विणकाम आणि वाचन: कोकणच्या दमट हवेत दोन्ही कसे जमवावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गुहागरकडे समुद्राजवळ घर आहे. एप्रिल-मे महिन्यांत जेवणानंतरचे दोन-तीन तास मोकळे मिळतात आणि वाचन, विणकाम दोन्हींची आवड आहे. पण लोकर घामाने सुईला चिकटते, टाके इतके घट्ट होतात की सुईचे टोक आत शिरत नाही, आणि पुस्तक उघडले की चार पानांत डोळा लागतो. तेव्हा विणकाम थंडीतला छंद समजून दिवाळीपर्यंत बाजूला ठेवावे का?

ठेवू नये. किनाऱ्यावर स्वेटर घालावा अशी थंडी येते किती दिवस? घरोघरी पेटीत पडून राहिलेले स्वेटर पाहिले की कळते. इथे बारा महिने वापरात राहते ते सुती विणकाम, आणि त्यासाठी उन्हाळा चांगला आहे. धुतलेले संध्याकाळपर्यंत खडखडीत वाळते आणि पाऊस लागण्याआधी काम पूर्ण होते. मात्र तीन गोष्टी पाळाव्या लागतात. दोरा सुती हवा, काम मांडीवर पसरणार नाही एवढे लहान हवे, आणि वीण न बघता जमेल अशी हवी. तिसरी गोष्ट साधली की पुस्तक समोर उघडे ठेवता येते.

आधी दोऱ्याचे बघू, कारण निम्मा त्रास तिथेच आहे. बाजारात लोकर म्हणून मिळणारा बहुतेक माल अ‍ॅक्रिलिकचा असतो. मध्यम दमट हवेत खऱ्या लोकरीचा धागा आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे १६ टक्के ओल धरतो, कापूस सुमारे ८ टक्के, आणि अ‍ॅक्रिलिक जेमतेम दीड-दोन टक्के. म्हणजे बोटांचा घाम अ‍ॅक्रिलिकमध्ये जिरतच नाही, तो धाग्यावर आणि सुईवर तसाच राहतो. ओलसर बोटावरून धागा सरकत नाही, हात नकळत जास्त ओढ देतो आणि टाका आवळला जातो. टाके घट्ट येतात ते यामुळे, हात बिघडला म्हणून नव्हे. घरात पडलेला दोरा कशाचा आहे हे कळत नसेल तर दोन इंच तुकडा चिमट्यात धरून, पाण्याची वाटी जवळ ठेवून पेटवून पाहा. कापूस कागद जळल्यासारखा वास देतो आणि मऊ राख सोडतो, लोकरीला जळक्या केसांचा वास येतो, अ‍ॅक्रिलिक वितळून काळा कडक मणी होतो.

सुती दोरा घेताना दोन प्रकार दिसतील. मर्सराइज्ड, म्हणजे प्रक्रिया करून चमक आणलेला, दोरा चकचकीत असतो, रंग टिकवतो, पण गुळगुळीत असल्यामुळे सुटलेला टाका त्यात भराभर खाली धावतो. साधा मॅट दोरा घाम चांगला टिपतो आणि टाका धरून ठेवतो. न बघता विणायचे असेल तर साधाच घ्यावा. रंग मध्यम असावा. पांढऱ्यावर हाताचा मळ आणि घामाचे पिवळे डाग पडतात. गडद निळ्या-काळ्या दोऱ्यावर टाके दिसत नाहीत, आणि मे महिन्यात वळिवाची वीज कडाडली की संध्याकाळी दिवे जातातच. पोपटी, विटकरी, आंबा रंग उत्तम.

आता कापसाचे अवगुण. कापसाला लवचीकपणा नाही. लोकर ओढली की परत आक्रसते, कापूस ओढला तसाच राहतो. याचे परिणाम तीन. एक म्हणजे बोटे आणि मनगट लवकर दुखतात, कारण ताण दोऱ्याऐवजी हात सोसतो. दुसरे, मनगटाची किंवा कमरेची दोन सुलट दोन उलट (सुलट म्हणजे दोरा मागे ठेवून विणलेला साधा टाका, उलट म्हणजे दोरा पुढे घेऊन विणलेला) पट्टी कापसात काही दिवसांतच सैल पडते. म्हणून उन्हाळी विणकामात अशा पट्ट्यांवर भिस्त ठेवू नये. तिसरे, एक ओळ सुलट, एक ओळ उलट असे विणले की उलटाच्या ओळी किंचित सैल येतात आणि कापडावर आडव्या रेघा उमटतात. लोकर ही चूक झाकते, कापूस उघडी पाडतो. उपाय सोपा आहे: सगळ्या ओळी सुलट विणा. दोन्ही बाजू सारख्या दिसतात, कडा वळत नाहीत, कापड तिरपे जात नाही, आणि नजर पुस्तकावर ठेवायला याहून सोपी वीण नाही.

सुयांचे नंबर घेताना गोंधळ होतो. आपल्याकडे अजून जुना ब्रिटिश क्रम चालतो आणि त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते: ८ नंबर म्हणजे ४ मि.मी., १० नंबर म्हणजे ३.२५ मि.मी., १२ नंबर म्हणजे २.७५ मि.मी. दोऱ्याची जाडी प्लायमध्ये सांगतात, प्लाय जास्त तसा दोरा जाड. चार प्लायच्या सुती दोऱ्याला १० नंबर आणि आठ प्लायला ८ नंबर इथून सुरुवात करावी. हात घट्ट असेल तर एक नंबर जाड सुई घ्यावी. टाके घालताना दोन सुया एकत्र धरून त्यांवर घालावेत आणि मग एक काढून घ्यावी. पहिली कड सैल राहते आणि काम खालच्या बाजूला आवळल्यासारखे दिसत नाही.

अ‍ॅल्युमिनियमच्या सुया घामाने काळपट होतात आणि तो काळेपणा फिक्या दोऱ्याला लागतो. दर अर्ध्या तासाने कोरड्या फडक्याने पुसल्या तर त्याही चालतात. बांबूच्या सुया हलक्या, आणि टाका सहजी निसटू देत नाहीत. दमट हवेत त्या खरखरीत झाल्या तर मेणबत्ती हलकेच घासून सुती कापडाने चकचकीत पुसून घ्याव्यात. मेणाचा थर राहता कामा नये. सगळ्यांत सोयीची गोल सुई, म्हणजे मधे नायलॉनची दोरी असलेली. सपाट कामही तिच्यावर पुढे-मागे विणता येते, कामाचे वजन हातात न राहता मांडीवर टेकते, आणि खुर्चीच्या हातांना सुईची टोके अडत नाहीत. एक सुई खाली घरंगळण्याचा प्रश्नही उरत नाही, जो न बघता विणणाऱ्याला फार सतावतो. ६० सें.मी. लांबी पुरते.

हाताला घाम येतो म्हणून पावडर लावण्याची सवय असते. ती टाळावी. पावडर आणि घाम मिळून लगदा होतो आणि दोऱ्याच्या पिळात बसतो. मनगटापासून कोपरापर्यंत गार पाणी लावून पुसून घेणे, मांडीवर जुना सुती रुमाल ठेवणे आणि टेबलफॅन बाजूने हातांवर येईल असा ठेवणे, एवढे पुरते. दोरा करंगळीभोवती गुंडाळायची सवय असेल तर उन्हाळ्यापुरती सोडा. तो तर्जनीवरून घेऊन बाकी बोटांच्या खालून नुसता जाऊ द्या, घर्षण कमी झाले की ओढही आपोआप कमी होते.

पहिले काम म्हणून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत जाणारा चौकोनी रुमाल घ्यावा. भांडी पुसायला, तोंड पुसायला, गरम भांड्याखाली ठेवायला, कशालाही चालतो. आठ प्लायचा ५० ग्रॅम सुती दोरा आणि ४ मि.मी.च्या सुया घ्या. ४ टाके घालून एक ओळ सुलट विणा. पुढच्या प्रत्येक ओळीत २ टाके सुलट, मग सुईवर दोऱ्याचा एक वेढा, आणि उरलेले सगळे सुलट. दर ओळीला एक टाका वाढतो आणि कडेला जाळीची नक्षी तयार होते. ४४ टाके झाले की कमी करायला लागा: १ सुलट, २ टाके एकत्र सुलट, वेढा, पुन्हा २ एकत्र, बाकी सुलट. दर ओळीला एक टाका घटतो. ४ उरले की बंद करा. बाजू वीतभरापेक्षा थोडी कमी भरते. मोठा हवा असेल तर ४४ ऐवजी ६० पर्यंत वाढवा आणि दुसरा गुंडा हाताशी ठेवा.

यात चुका होतात त्या बहुधा दोन. वाचनाच्या नादात वेढा राहून जातो. तसे झाले तर उसवू नका, पुढच्या ओळीत त्या जागी दोन टाक्यांच्या मधला आडवा धागा उचलून सुईवर घ्या, तोच टाका होतो. दुसरी चूक ओळीच्या सुरुवातीला घडते. दोरा सुईवरून मागे खेचला गेला तर कडेचा टाका उलथतो आणि त्याचे दोन पाय दोन टाक्यांसारखे दिसतात. दोन्हींतून विणले की एक टाका नकळत वाढतो. दोरा आधी खाली ओढून टाका नीट बसवावा, मग विणावे. गुंडा संपला तर गाठ मारून भागत नाही, सुती गाठ धुण्यात सुटते. लोकरीची दोन टोके ओलावून चोळली की एकजीव होतात, कापसाची होत नाहीत. दोन्ही बाजूंना १५ सें.मी. शेपूट ठेवा आणि काम झाल्यावर बोथट सुईने तीन वेगवेगळ्या दिशांनी ओवून टाका.

मापाचे काहीही करायचे असेल, म्हणजे बाळाचे टोपडे किंवा बिनबाह्यांचे जाकीट, तर २४ टाक्यांचा नमुना दहा-बारा सें.मी. विणून आधी धुवा, वाळवा, मगच मोजा. कापूस पहिल्या धुण्यात लांबीला आटतो आणि वापरात रुंदीला सैल पडतो. न धुता मोजलेल्या नमुन्यावर भरवसा ठेवू नये. धुतलेल्या नमुन्यात १० सें.मी.मध्ये २० टाके भरले तर ३० सें.मी. रुंदीला ६० टाके लागतील. बाळासाठी विणताना जाळीची वीण हातमोज्या-पायमोज्यांत घेऊ नका. बोट जाळीत अडकते, आतला सुटा धागा बोटाला आवळतो. टोपड्याला लोंबते गोंडे आणि लांब बंदही नकोत.

आता पुस्तक आणि सुया एका वेळी कशा, हा खरा रस असलेला भाग. न बघता विणणे हातांना शिकवावे लागते आणि ते अवघड नाही. ३० टाके घाला, सगळे सुलट, दहा ओळी बघून विणा. नंतर डोळे मिटून एक ओळ. डाव्या तर्जनीच्या टोकाने पुढचा टाका चाचपायचा आणि त्याला सुईच्या टोकाकडे ढकलायचे, उजव्या सुईने त्याच्या डावीकडून आत शिरायचे. ओळ संपली की उघड्या डोळ्यांनी टाके मोजायचे. रोज थोडे केले की हात सरावतात. बोटाला टाका सुटल्याचे चटकन कळते, सुईवर जागा रिकामी लागते. तेव्हा थांबायचे, सुटलेल्या टाक्यात सेफ्टी पिन अडकवायची आणि क्रोशाच्या सुईने तो वर आणायचा. पिन जवळ नसताना शोधायला उठणे हीच टाका धावण्याची वेळ असते, म्हणून दोन पिना कामालाच लावलेल्या असाव्यात. ओळी कागदावर मांडत बसू नका. सगळ्या सुलट विणीत प्रत्येक उभारलेली रेघ म्हणजे २ ओळी, रेघा मोजल्या की झाले.

पुस्तक धरायला, पारायणाला पोथी ठेवतात ते लाकडी व्यासपीठ सर्वांत चांगले. नसेल तर तिरका पाट भिंतीला टेकवून चालतो. पाने दोन्ही बाजूंनी कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी धरावीत, चिमट्याखाली कागदाची घडी ठेवावी म्हणजे वळ उठत नाही. शिवलेल्या बांधणीचे पुस्तक सपाट उघडते. नुसत्या डिंकाने चिकटवलेले, पातळ पाठीचे पुस्तक जबरदस्तीने सपाट केले की पाठ तडकते आणि पाने हातात येतात. असे पुस्तक विणताना न घेता हातात धरूनच वाचावे. वाचनालयातली पक्क्या बांधणीची पुस्तके या कामाला फार सोयीची. रत्नागिरीचे जिल्हा नगर वाचनालय १८२८ पासूनचे, चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ पासूनचे. इतकी जुनी वाचनालये हाताशी असताना उन्हाळ्यातले वाचन विकतच्या पुस्तकांवर अवलंबून ठेवायचे कारण नाही.

विणताना काय वाचावे, याचे माझे मत ठाम आहे: ज्यात मागे जाऊन पान पुन्हा बघावे लागत नाही ते. कथा, प्रवासवर्णन, आठवणी, पूर्वी वाचलेली आवडती कादंबरी. कविता आणि तळटिपांचा इतिहास सुया खाली ठेवून वाचावा, त्यांचा तो मान आहे. जुने दिवाळी अंक या ऋतूला विशेष चांगले. मराठीत ही परंपरा १९०९ पासूनची आहे, त्यामुळे रद्दीवाल्याकडे आणि शेजारी-पाजारी भरपूर अंक सापडतात. एक कथा एका बैठकीत संपते, आणि आंबा उतरवायला माणसे आली, काजूबिया वाळत घालायच्या राहिल्या, पापड उलटायचे आहेत, असे काही निघाले तर धागा तुटत नाही. कोकणातला उन्हाळा कामाचा असतो. मोकळा वेळ सलग मिळत नाही, अर्ध्या-अर्ध्या तासाने मिळतो, आणि काम व पुस्तक दोन्ही त्या मापाचे निवडावे लागते.

झोपेचे कारण बहुतेकदा बसण्यात असते. भरपेट आंबरसानंतर पलंगावर उशीला टेकून पुस्तक घेतले तर झोप येणारच. जेवणानंतर अर्धा तास पडायचे असेल तर खुशाल पडा, मग उठून ताठ पाठीच्या खुर्चीत, पाय जमिनीला टेकवून बसा. दुपारी समुद्रावरून खारा वारा येतो, तेव्हा पश्चिमेची पडवी गार लागते, पण उतरत्या उन्हाची तिरीप थेट डोळ्यांवर येते. खुर्ची वाऱ्याकडे तोंड करून न ठेवता आडवी ठेवा, उजेड डाव्या खांद्यावरून येऊ द्या. पुस्तक डोळ्यांपासून ४० सें.मी.च्या आसपास असावे. दुभिंगी चष्म्यात वाचनाचा भाग खाली असतो, त्यामुळे समोर उंच ठेवलेले पुस्तक वाचायला हनुवटी वर करावी लागते आणि मान धरते. अशांनी व्यासपीठ खाली, जवळजवळ मांडीच्या उंचीवर ठेवावे.

वाचून कंटाळलो की विणू, विणून कंटाळलो की वाचू, म्हणजे विश्रांती होते, असा समज आहे. हातांना ती मिळते, डोळ्यांना नाही. दोन्ही जवळचीच कामे. दर वीस मिनिटांनी मान वर करून लांब, परसातल्या माडाच्या शेंड्याकडे थोडा वेळ बघावे. बोटे ताठरली किंवा अंगठ्याच्या मुळाशी दुखू लागले तर त्या दिवशी सुया ठेवून द्याव्यात. दुखणे अंगावर काढून विणत राहिल्याने महिनाभर विणता येत नाही अशी वेळ येते.

क्रोशाला वेगळा वेळ द्यावा. २० नंबरचा दोरा आणि १.२५ मि.मी.ची सुई घेतली की टेबलावरचा रुमाल, दाराचे तोरण, तांब्यावरचे झाकण होते. सुईवर एकच टाका जिवंत असल्यामुळे मधेच ठेवता येते आणि काही धावत नाही. पण साखळी आणि खांब (हे क्रोशाचे टाके) कुठे घालायचा हे बघावेच लागते, त्यामुळे डोळे पुस्तकावर राहू शकत नाहीत. इथे कान कामाला येतात. सुट्टीत मुंबईहून नातवंडे आलेली असतात; एकाला रोज दहा पाने मोठ्याने वाचायला सांगावे आणि आजीने खांब घालावेत. मुलाचे मराठी वाचन सुधारते आणि दुपारी ते उन्हातही जात नाही.

डागांचे भान मात्र ठेवा. फणस चिरलेल्या हातांनी दोऱ्याला शिवू नका. चीक लागलाच तर खोबरेल तेल चोळून तो सुटा करावा, मग साबणाने तेल काढावे. पाणी आधी लावले की चीक अधिकच चिकटतो. कोकम सरबत सांडले तर लगेच भरपूर गार पाण्यात बुडवा. हळदीचा डाग धुऊन उन्हात टाकला की फिकटतो. काजूच्या बोंडाच्या रसाचा डाग मात्र जात नाही, तेव्हा बोंडे सोलायच्या दिवशी पिशवी आतल्या खोलीत असू द्या.

मृग लागण्याआधी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आत, आवराआवर करावी. पूर्ण झालेले आणि अर्धवट दोन्ही काम धुऊन, खळ न घालता, दोन दिवस पूर्ण वाळवा. खळीवर आणि पुस्तकाच्या डिंकावर कसर लागते, घामाच्या खारटपणाने बुरशी धरते. अर्धवट काम सुईवरून काढून जाड दोऱ्यावर ओवून ठेवावे, नाहीतर त्या जागी कायमचा वळ बसतो आणि धातूच्या सुईचा डागही पडतो. पुस्तके सकाळच्या उन्हात तासभर, पाने फडफडू देऊन ठेवावीत. दुपारच्या कडक उन्हात कागद पिवळा आणि ठिसूळ होतो. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढा, खालचा कप्पा रिकामा ठेवा, पुस्तके दाटून लावू नका. ओलसर वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत बांधणे सर्वांत वाईट. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचे तर सिलिका जेलची पुडी आत टाका आणि मण्यांचा रंग बदलला की ते तव्यावर मंद आचेवर तापवून पुन्हा वापरा. डांबर गोळ्या कागदाला किंवा दोऱ्याला टेकता कामा नयेत, आणि बाळाच्या कपड्यांच्या डब्यात तर नकोतच. तिथे कडुनिंबाचा वाळलेला पाला कापडात बांधून ठेवावा. नदीकाठी राहणाऱ्यांनी वाचनालयाची पुस्तके मेअखेरच परत करावीत किंवा माळ्यावर न्यावीत. चिपळूणच्या वाचनालयाने २००५ आणि २०२१ अशा दोन्ही जुलैच्या पुरांत पुस्तके गमावली आहेत.